डेल्मरच्या डुकराने खाल्लेला मका

"खासगी रँचवर पैसे मोजून डुक्कर मारणं म्हणजे दुकानातून मटण आणणं!" टेक्सासचा डेल्मर चर्चमध्ये सगळ्यांना ऐकवायचा. शिकार करावी तर सरकारी जंगलात, ही त्याची ऐट. यंदा चर्चच्या जेवणाला रानडुक्कर आणायचं त्याने कबूल केलं, पण जंगलात एकाचं शेपूटही दिसेना. मग स्वारी गुपचूप रँचवर गेली. तिथल्या यंत्राने आमिषाचा मका उधळताच धावत आलेलं डुक्कर त्याने टिपलं आणि मिरवायला अख्खंच चर्चच्या अंगणात आणलं.

"दलदलीत दिवसभर माग काढला!"

बायकोने, वर्लीनने, पोट चिरलं. आत पिवळाधमक मका.

"काय हो शिकारीबुवा, जंगलात आमिषाला बंदी ना? मग याला मका कुणी वाढला?"

डेल्मर कांदा चिरायला बसला. निदान डोळ्यांतलं पाणी तरी कांद्यावर ढकलता येतं.