बियाण्याचं वांगं

लग्न होऊन एरंडोलजवळच्या या गावात आले, तेव्हा सासरच्या भरताच्या वांग्यांचा भारी तोरा होता. हिरवट पांढरं, चांगलं वजनदार, भाजलं की आत नुसता गर. थंडीत पाहुणे मुद्दाम यायचे. चांगलं वांगं दिसलं की तोडायचं, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजायचं, आणि हंगाम संपताना झाडावर जे खुरटं उरेल ते पिकवून बी धरायचं, अशी रीत. बी धरणं माझ्याकडे होतं. वीस वर्षं मी ते इमानेइतबारे केलं.

म्हणजे ज्या झाडाकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, नेमकं त्याचंच वाण मी दर वर्षी पुढे नेत होते. एका वर्षात फरक कळायचा नाही. दोनातही नाही. बिया जरा वाढल्या, गर जरा घटला, की आम्ही खताला शिव्या घालायचो. मागच्या हिवाळ्यात आबांनी, माझ्या सासऱ्यांनी, तोंडातला कडू घास बाहेर काढून ठेवला, तेव्हा मला उमगलं. खताचा काही दोष नव्हता. बी माझ्या हातचं होतं.

अख्ख्या वाफ्यात एकच झाड जुन्या वळणाचं निघालं. त्याची बाकीची वांगी अळीने खाल्ली, एक वाचलं. त्याला मी चिंधी बांधली.

तोवर आबांनी अंथरूण धरलं होतं. अन्न जात नव्हतं. एका सकाळी ते म्हणाले, "ते चिंधीवालं वांगं भाज ना माय."

"आबा, बियानं शे ते. पुढला साल पोटभर करसू."

"पुढला साल मी शे का नही, कोन सांगी?"

नवरा विळा घेऊन निघालाच. "देई टाक ना! वांगंच ते शे."

मी त्याच्या हातातला विळा हिसकावला आणि दुपारपर्यंत त्या झाडापाशी बसून राहिले. राग त्याचा नव्हता, माझाच मला येत होता. तीन दिवस घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. आबांनी पुन्हा मागितलं नाही, ते जास्त लागलं. वांगं बी धरण्याइतकं पिवळं पडायच्या आत ते गेले.

यंदा त्याच बियांची रोपं लावली. बरीचशी खुरटीच निघाली, थोडी जराशी बरी. आबांच्या वर्षश्राद्धाला मी वाफ्यात गेले. सगळ्यांत चांगली पाच वांगी बियाण्याला झाडावरच ठेवली. आबांच्या पानावर सहावं वाढलं.