आत जाताना वाजलेली घंटा

तुम्ही करता काय, असं कुणी विचारलं की मी छाती फुगवून सांगतो, "वेगळं करतो." अणुभट्टीत जळून आलेलं इंधन आमच्याकडे येतं. त्याच्या नळ्या कापायच्या, तुकडे नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवायचे, मग त्यात रॉकेलमध्ये कालवलेलं एक द्रावण घालून घुसळायचं. कामाचं युरेनियम, प्लुटोनियम वरच्या तेलात जातं, बाकीची घाण खाली ॲसिडात राहते. हे सगळं मीटरभर जाड काचेपलीकडे, यांत्रिक हातांनी. सव्वीस वर्षांत मी त्यातल्या कशालाही बोट लावलेलं नाही. नव्या लोकांना मी एकच शिकवतो, अंतर ठेवा. ते मला अंतरकाका म्हणतात आणि माझं व्याख्यान सुरू झालं की माझ्यापासूनच अंतर ठेवतात.

घरी मात्र माझ्या विद्येला कुणी हिंग लावून विचारत नाही. दारात पाऊल टाकलं की बायको म्हणते, "आधी अंघोळ. काय काय अंगाला लागलं असेल." गेटवरचं यंत्र रोज तपासूनच सोडतं, हे तिला हजारदा सांगून झालं. पालथ्या घड्यावर पाणी.

मग तिच्या थायरॉइडला कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं आणि उरलेल्या पेशी मारायला तिला किरणोत्सारी आयोडीन दिलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर वेगळी खोली, दोन मीटर अंतर." खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. अखेर घरात माझ्या ज्ञानाला गिऱ्हाईक मिळालं! डॉक्टरांनाच मी दोन गोष्टी शिकवून आलो.

तिच्या पलंगापासून दोन मीटर मोजून मी फरशीवर चिकटपट्टी मारली. ताट सांडशीत धरून आत सरकवायला लागलो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ताट तसंच पडलेलं होतं.

"जेवली का नाहीस?"

"ती सांडशी घेऊन जा आधी," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "इतकी वर्षं मी तुम्हाला धुवायला लावलं. पण धुतल्यावर घरात तरी घेत होते ना? मला काय आता असंच ठेवणार?"

ती रडत होती आणि मी पट्टीमागे उभा राहून बघत होतो. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी पट्टी ओलांडली, तिच्याजवळ बसलो, बाहीने तिचे डोळे पुसले. "लांब व्हा, लांब व्हा" म्हणत तिने माझा हात घट्ट धरून ठेवला.

आणि सकाळी हा सव्वीस वर्षांचा तज्ज्ञ तोच शर्ट अंगात चढवून कामावर गेला. आमच्याकडे गेटवरच्या यंत्राची घंटा वाजली तर बाहेर पडताना वाजते. आत जाताना ती पहिल्यांदाच वाजली, माझ्यावर, अख्ख्या पाळीसमोर.

तपासणीवरची मुलगी माझ्याच हाताखाली शिकलेली. तिने बाहीवरचा किरणोत्सार मोजला, पडद्याकडे पाहिलं. "काका, हे आठ दिवसांत निम्मं होणारं आयोडीन आहे. आपलं इंधन वर्षानुवर्षं पाण्यात थंड होऊन येतं, त्यातलं हे केव्हाच संपलेलं असतं. हा आपला माल नाही. कुठून आणलंत?"

"घरून," मी म्हणालो.

तिला माझ्या घरचं माहीत होतं. ती एवढंच म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान." शर्ट पिवळ्या पिशवीत गेला, हात तीनदा घासून निघाले, आठवडाभर कामावर बंदी. कारखान्याच्या ढगळ डगल्यात मी घरी परतलो.

बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, ती घाबरेल.

"किती वेळ वाजली?" तिने विचारलं.

"बंद करेपर्यंत."

"सगळ्यांनी ऐकली?"

"सगळ्यांनी."

ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "आधी अंघोळ करा. मग पट्टीच्या त्या बाजूला खुर्ची टाका आणि माझ्यासमोर बसा. ताट हाताने आणा."

मी पट्टीला लागून खुर्ची टाकली. तिने ताटातलं सगळं संपवलं आणि आणखी मागितलं.