कडुनिंबाखालची स्कूटर

चालवण्यासाठी गाडी घेणारे जगात पुष्कळ असतील. उभी करण्यासाठी गाडी बाळगणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो दोन हजार सालाच्या आगेमागे गोंदियात माझा रूम पार्टनर होता. त्या दिवसांत हप्त्यावर गाड्या मिळू लागल्या आणि गावोगावची पोरे फटफट्या उडवत कॉलेजात येऊ लागली. पार्किंग मात्र सायकलींच्या जमान्यातलेच, टिनाच्या एका शेडपुरते. सकाळी आत घातलेली गाडी मागच्या सगळ्यांचे तास संपेपर्यंत बाहेर निघत नसे. अशा ठिकाणी आमच्या या चिचगडकडच्या वल्लीला एकदा थेट लेडीज रूमसमोर, कडुनिंबाखाली जागा मिळाली. मामाने दिलेली जुनी स्कूटर त्याने तिथे लावली आणि मग काढलीच नाही.

काढली तर जागा जाईल, एवढे साधे गणित. तेव्हापासून हा गृहस्थ बोटात किल्ली फिरवत रूमवरून पायी कॉलेजात येई आणि स्कूटरवर बसून गळ्यातल्या दुपट्ट्याने घाम पुसे. "अबे, गाडी असून पायी काऊन येऊन राहिला?" असे विचारले की म्हणे, "गाडीनं आलो तं लावू कोठी?" यापुढे आम्ही हात टेकले. पेट्रोलचा विषय काढला की तो आमची कीव करी. "उभ्या गाडीले पेट्रोल कायले लागते बे?" एकदा तपासणीची कमिटी येणार म्हणून झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना मारला, तर रंगाऱ्याने भक्तिभावाने स्कूटरच्या चाकांवरूनही पट्टा ओढला. चौकीदार कुरकुरला, "भैया, कभी तो हटाओ, झाडू लगाना है." पार्टनर म्हणाला, "चारों तरफ से लगाओ, परिक्रमा का पुण्य मिलेगा."

खरे कारण सगळ्या कॉलेजला ठाऊक होते. आमच्या वर्गात तिरोड्याहून रेल्वेने येणारी एक मुलगी होती. लेडीज रूमकडे जाताना ती त्या निंबाखालून जाई आणि कधीमधी "काय, आज पण गाडी पुसून राहिला?" एवढे विचारी. तेवढ्यावर गडी आठवडा काढी. याच्यापुढे एक शब्द बोलायची मात्र छाती होत नसे. प्राचार्यांना उलट उत्तर देणारा हा वाघ तिच्यासमोर शेळी होई.

एका दुपारी तीच शेडपाशी रडकुंडीला येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळीच नागपूरला नोकरीची मुलाखत, तिकडची रेल्वे सुटायची वेळ झालेली, आणि ऑटोचा पत्ता नाही. उपकार करायला आम्ही एका पायावर तयार होतो, पण आमच्या गाड्या शेडमध्ये एकमेकींत अशा रुतलेल्या की एक काढायची तर वीस हलवायच्या. मोकळी होती ती निंबाखालची एकच. "मले स्टेशनवर सोडून देशील का?" तिने पार्टनरला विचारले. फाटकाशी दोन मोटारसायकलवाले जागेसाठी टपून बसले होते. मी त्याच्या कानाशी लागलो, "जागा जाईल बे."

"जाऊ दे. तिची नोकरी जाईल ना."

कुणाच्या तरी टाकीतून बाटलीभर पेट्रोल काढले. किका मारून पार्टनरचा चेहरा लाल झाला, शेवटी आम्ही सगळ्यांनी धक्का दिला तेव्हा स्कूटर खोकत निघाली. तिचा धूर विरायच्या आत निंबाखाली दुसरी गाडी लागलीसुद्धा.

तो परतल्यावर मी विचारले, "वाटेत बोलला का काही?"

"बोललो ना. घट्ट धरून बसजो म्हणलं."

तिला नोकरी लागली आणि तिचे कॉलेज सुटले. पुढे एकदा मी मुद्दाम लवकर जाऊन निंबाखालची जागा धरून ठेवली आणि पार्टनर स्कूटर घेऊन येताच माझी गाडी काढू लागलो. त्याने लेडीज रूमच्या दाराकडे पाहिले.

"राहू दे गा," तो म्हणाला, "आता कोठीही लावली तरी चालते."

त्याने स्कूटर भिंतीकडेच्या उन्हात लावली आणि तासाला गेला. मी त्या थंडगार सावलीत उभा राहिलो. मला फार वाईट वाटले.