नकाशांच्या टेबलापलीकडे

उत्तरा देवस्थळी दोन वर्षं कोबेच्या बंदरावर नकाशे वाटत होती. अंबरीषची, तिच्या नवऱ्याची, कंपनीने इथे बदली केली, तेव्हा पुण्यातली स्पॅनिश शिकवायची नोकरी सोडून तीही आली. कोबेत तिच्या स्पॅनिशला कोणी विचारेना. मग जपानी शिकता शिकता ती जहाजांवरून उतरणाऱ्या प्रवाशांना गाव दाखवणाऱ्या स्वयंसेवकांत सामील झाली.

सामील, म्हणजे टेबलामागे. मंडळींचे प्रमुख ओकादा-सान, पंचाहत्तरीचे, कडक इस्त्रीचा शर्ट घालणारे. एकदा धीर करून तिने विचारलं, "मी एखादा गट नेऊ का?"

त्यांनी दातांतून हवा ओढली. "ते जरा... कठीण आहे."

याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे तिला एव्हाना कळत होतं. 'कोबेचं कोबेवाल्यानंच सांगावं,' असं ते म्हणाल्याचंही तिच्या कानावर आलं.

"सोडून देते मी हे," घरी ती धुमसत म्हणाली.

"दे की. पण मग घरी बसून माझं डोकं खाऊ नकोस," अंबरीष म्हणाला. तिने सोडलं नाही.

एप्रिलमध्ये एका जहाजावरून एकतीस मेक्सिकन प्रवासी उतरले. सगळे मान्सानियोचे, तेही बंदराचंच गाव. त्यांच्यासाठी ठरवलेला दुभाषी ऐन वेळी तापाने आजारी पडला. ओकादा-सान हातात कागद घेऊन इंग्रजीत बोलत होते आणि एकतीस चेहरे कोरे होते. उत्तराला राहवेना. टेबलामागूनच तिने खणखणीत स्पॅनिशमध्ये सगळ्यांचं स्वागत केलं. एकतीस माना गर्रकन वळल्या.

ओकादा-सानांनी घड्याळ पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "उत्तरा-सान, चला."

पहिला अर्धा तास रटाळ गेला. ते कागदावरून बंदरावरच्या मनोऱ्याची उंची वाचत, ती भाषांतर करी, लोक जांभया देत. एका बाईने तर दुकानं कुठे आहेत, तेही विचारून घेतलं. मग ते धक्क्याच्या त्या तुकड्याशी आले, जो भूकंपानंतर होता तसाच राखून ठेवलाय. खचलेलं काँक्रीट, कललेले दिवे, भेगांत पाणी.

"सतरा जानेवारी एकोणीसशे पंचाण्णव," वाचून ओकादा-सानांनी पान उलटलं.

तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारा पुढे आला. त्याचं नाव एवारिस्तो. "आमच्याकडेही त्याच वर्षी झाला," तो म्हणाला. "ऑक्टोबरात. मी क्रेनवर होतो."

मध्येच कोणी बोललेलं ओकादा-सानांना खपत नसे. उत्तरा क्षणभर घुटमळली, मग तिने शब्दन् शब्द जपानीत सांगितला.

ओकादा-सानांचा कागदवाला हात खाली आला. "क्रेनवर? मीसुद्धा क्रेनच चालवायचो. इथेच."

मंडळीत कोणालाही हे ठाऊक नव्हतं. त्या पहाटे ते घरून तीन तास चालत बंदरावर आले होते. त्यांच्या क्रेनचे पाय फाकून ती खाली बसली होती. एवारिस्तो म्हणाला, "मी खाली कसा उतरलो, ते मला अजून आठवत नाही." मग दोघांचं बोलणं क्रेनच्या ब्रेकवर घसरलं. त्यातल्या एका भागाला जपानीत काय म्हणतात हे उत्तराला येईना. तिने हातवारे केले, तर ते पुरे व्हायच्या आधीच ओकादा-सानांना कळलं आणि दोघंही हसू लागले. भोवती सगळे दाटीवाटीने उभे राहिले. प्रश्नांवर प्रश्न आले. घसा बसेपर्यंत उत्तरा इकडचं तिकडे करत राहिली. दुकानांकडे एकही जण गेला नाही, ती बाईसुद्धा.

जहाजाशी एवारिस्तोने ओकादा-सानांना मिठी मारली. ते आधी फळीसारखे ताठ झाले, मग त्यांनी त्याची पाठ दोनदा थोपटली.

परतताना ते म्हणाले, "आठ वर्षं मी लोकांना कागद वाचून दाखवला. चुकलंच माझं. यापुढे तुम्ही गट न्या. मात्र परीक्षा द्यावी लागेल, नियम आहे."

परीक्षा जपानीत होती. पहिल्यांदा ती तीन गुणांनी नापास झाली. ओकादा-सान दर शनिवारी तिला शिकवायला बसले आणि दुसऱ्या खेपेला तिने बाजी मारली.

ऑक्टोबरात सेहेचाळीस प्रवाशांच्या पुढे उत्तरा चालत होती, दंडावर मार्गदर्शकाची पिवळी पट्टी. अर्ध्या दिवसाची रजा काढून अंबरीष गटाच्या शेपटाला फोटो काढत रेंगाळला होता.

"अहो शेवटचे!" ती भर धक्क्यावर मराठीत ओरडली. "पाय उचला जरा, जहाज थांबणार नाही!"

सेहेचाळीस जण काहीच न कळता हसले, आणि अंबरीष धावत सुटला.