सातवं फडकं

धक्क्यावर त्याला सगळे शीमिस्त्री म्हणत. बोटीचं कुठलंही इंजिन उघडलं की पाना उचलण्याआधी त्याच्या तोंडून पहिला शब्द बाहेर पडायचा तो ‘शी!’ तीस वर्षं ग्रीस आणि काजळीत काढूनही या माणसाला घाणीची सवय म्हणून झाली नव्हती. त्याची फडकी म्हणजे त्याचेच जुने शर्ट, चौकोनी कापलेले आणि साबणाने धुतलेले. काम सुरू करताना ती मोजायची आणि संपल्यावर पुन्हा मोजायची, हा त्याचा नियम. बाकीचे मिस्त्री वापरलेले बोळे इंजिनाखालीच टाकून जातात, म्हणून तो त्यांच्याशी धड बोलतही नसे.

आणि नशीब असं, की त्याचा सख्खा मेहुणा एका लाँचवर नावाडी होता. मेहुण्याचं सगळंच ओंगळ. सुकाणूशेजारी त्याचा चहाचा मग लटकलेला, आत तपकिरी वर्तुळं साचलेली, आणि मेहुणा तो नुसत्या पाण्याने विसळायचा. “दाजी, घोटभर घ्या,” म्हणत तो दर वेळी मग पुढे करायचा. दाजी नाक मुरडून तोंड फिरवायचे. इंजिनाच्या खोलीत तर पाय ठेवायची सोय नव्हती. तळाशी काळं पाणी, त्यावर पावाचे तुकडे, कुणाचा तरी मोजा. मोजा तिथे गेलाच कसा, हा प्रश्न मिस्त्रीला कित्येक दिवस छळत होता.

तीन आठवड्यांपासून ही लाँच मध्येच बंद पडू लागली होती. पलीकडच्या काठाला जाताना पाण्याच्या मधोमध इंजिन दोन आचके द्यायचं आणि गप्प व्हायचं. पाच-दहा मिनिटं थांबलं की जसं काही झालंच नाही, असं पुन्हा सुरू. मिस्त्रीने फिल्टर बदलला, नळ्यांतली हवा काढली, पंप उघडून पाहिला. धक्क्याला बांधलेल्या लाँचवर इंजिन तासभर चालवलं, तर घड्याळासारखं चाललं. लाँचबरोबर पाण्यात जाऊन बघायचं त्याच्या मनात आलं होतं, नाही असं नाही. पण तासभर त्या काळ्या पाण्यावर, त्या वासात बसायचं? शी! त्याने हात धुतले आणि लाँचच्या मालकीणबाईंना सांगून टाकलं, “इंजिनात काही दोष नाही. दोष चालवणाऱ्यात आहे.”

मालकीणबाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी नावाड्याला एवढंच सांगितलं, “आणखी एकदा बंद पडली, तर तू घरी बस.” बावीस वर्षं तो ही लाँच चालवत होता. दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं.

घरी बायकोने ताट वाढलं आणि समोर बसून राहिली.

“अहो, माझ्या भावाला लाँच चालवता येत नाही, असं तुम्हीच सांगितलंत?”

“जे दिसलं ते सांगितलं.”

“दिसलं? तुम्ही बसलात कधी त्याच्या लाँचवर?”

मिस्त्रीचा घास तोंडातच फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उतारूंबरोबर लाँचवर चढला. मालकीणबाई आधीच पुढच्या बाकावर बसल्या होत्या. मेहुणा सुकाणू धरून उभा होता. त्या दिवशी त्याने चहाचं विचारलं नाही. मिस्त्री नाकावर रुमाल बांधून इंजिनाच्या खोलीत उतरला. मोजा अजून तिथेच तरंगत होता.

काठ सुटला, लाँच डोलू लागली. पाण्याच्या मधोमध येताच इंजिनाने आचके दिले आणि ते बंद पडलं. वर उतारूंची कुरकुर सुरू झाली. मिस्त्रीने चटकन टाकीतून डिझेल ओढणारा हातपंप दाबून पाहिला. पंप दगडासारखा घट्ट, डिझेलचा थेंब येईना. तो तसाच थांबून राहिला. पाच मिनिटांनी पुन्हा दाबला, तर डिझेल सुरळीत येऊ लागलं. म्हणजे नळीच्या तोंडाशी काहीतरी येऊन चिकटत होतं आणि ओढ थांबली की सुटत होतं. टाकीत काहीतरी तरंगत होतं, आणि ते फक्त लाँच डोलली की नळीपाशी यायचं. बांधलेल्या लाँचवर ते जन्मात सापडलं नसतं.

‘टाकला असेल या गबाळ्याने दुसरा मोजा,’ असं पुटपुटत त्याने टाकीचं झाकण उघडलं, बाही वर केली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. बोटांना काहीतरी बुळबुळीत लागलं. त्याला शिसारी आली. डोळे मिटून त्याने ते बाहेर ओढलं.

निळ्या रेघांचं कापड होतं. एका कडेला काजं होती, दुसरी कड फाटलेली. शर्ट त्याचाच.

टाकी त्यानेच धुतली होती, महिन्यापूर्वी. सात फडकी आत नेली, सात बाहेर आणली, मोजून. पण टाकीच्या कोपऱ्यात हात नीट पोहोचेना, म्हणून एक फडकं त्याने मध्येच फाडून दोन केलं होतं. बाहेर आली ती सहा अख्खी आणि एक अर्धं, झाली सात. आकडा जुळला आणि शीमिस्त्री ऐटीत घरी गेला होता. आता त्याला स्वतःचीच इतकी किळस आली, की ते कापड हातात धरवेना.

पायाशी काळं पाणी होतं. मोज्याशेजारी एक चिंधी वाढली असती, तर कुणाला कळलं नसतं.

वरून मेहुण्याचा आवाज आला. “दाजी, माझं काय चुकलं, तेवढं सांगा. म्हणजे ताईला सांगता येईल.”

मिस्त्री वर आला. कोपरापासून डिझेल ठिबकत होतं. उतारूंनी त्याला वाट करून दिली. मालकीणबाईंसमोर जाऊन त्याने ते कापड उलगडून धरलं.

“हे टाकीत होतं. माझं फडकं आहे. चालवणाऱ्याची काही चूक नव्हती.”

मालकीणबाईंनी पदर नाकाला लावला. “शी!” त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या. नावाड्याकडे वळून त्यांनी एवढंच सांगितलं, “चल, घे पुढे. उशीर झालाय.”

इंजिन एका झटक्यात सुरू झालं. मेहुणा काठाकडे बघत सुकाणू धरून उभा राहिला. रागावला असेल, तर तो हक्काने रागावला होता.

मिस्त्रीनेच हात वर केला, खिळ्यावरचा मग काढला आणि त्याच्यापुढे धरला. आत तपकिरी वर्तुळं होती तशीच होती.

“घोटभर दे.”

मेहुण्याने त्याच्याकडे पाहिलं, थर्मास उघडला आणि मग काठोकाठ भरला.