एकमताने मंजूर

आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञान विभागाचा प्रमुख मी, आणि विभागही मीच. स्टाफरूमच्या मागे एक खोली, तिच्यात दोन कपाटं आणि एक टेबल. लातुरात जो तो डॉक्टर व्हायला आलेला. आमच्या गल्लीत घरटी चार पोरं भाड्याने राहतात आणि पहाटेपासून केमिस्ट्री घोकतात. अशा गावात तत्त्वज्ञान शिकवतो म्हटलं की लोक आधी दचकतात, मग कीव करतात. आमच्या न्हाव्याने एकदा खुर्चीत बसवून विचारलं होतं, "म्हंजे सर, शिकवता काय नेमकं?" त्याला मी काहीतरी सांगितलं, पण त्याचं समाधान झालं नाही. माझंही झालं नाही.

बायको मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली ती नातवात रमली. तिला मी दोष देत नाही. मला नातवापेक्षा जास्त बोलता येतं असं कुणी म्हणणार नाही. संध्याकाळी मी खिचडीचा कुकर लावतो, ताटात वाढून घेतो आणि समोर टीव्ही बडबडत ठेवतो.

त्यामुळे मी विद्या परिषदेवर निवडून आलो तेव्हा मला जो आनंद झाला तो सत्तेचा नव्हता. कोणता विषय कुठे शिकवायचा, कुठला बंद करायचा, हे विद्यापीठात जिथे ठरतं ती ही विद्या परिषद. कारभारात शिक्षकांचाही आवाज असावा, अशी कायद्याची इच्छा. म्हणून त्यात काही शिक्षक निवडून जातात. निवडणूक पॅनलची असते. एका पॅनलला एक निरुपद्रवी नाव हवं होतं, आणि मी पडलो कुणाच्या अध्यात ना मध्यात. आलो निवडून.

आनंद होता तो प्रवासाचा. बैठका नांदेडला, आणि लातूरच्याच दुसऱ्या एका कॉलेजातले कॉमर्सचे सर परिषदेवर होते. त्यांची गाडी होती. सकाळी सहाला ते माझ्या दाराशी हॉर्न वाजवायचे. जाताना तीन तास, येताना तीन तास. अहमदपूरला चहा, डब्यातली शेंगाचटणी आणि कडक भाकरी, आणि सगळ्या जिल्ह्यातल्या प्राचार्यांच्या भानगडी. बोलायचे ते, हसायचो मी. बैठकीची तारीख आली की मी आदल्या दिवशीच शर्टाला इस्त्री करून ठेवायचो. खरं सांगायचं तर परिषदेत काय ठरलं हे मला पुष्कळदा आठवायचं नाही, पण येताना सरांनी काय किस्सा सांगितला हे आठवायचं.

कंधारच्या कॉलेजात माझी एक विद्यार्थिनी तत्त्वज्ञान शिकवायची. लोह्याकडच्या एका खेड्यातून ती लातूरला आली होती, माझ्या बी.ए.च्या वर्गात. वर्गात तीन जण होते. दोघं हजेरीसाठी यायचे आणि ही भांडायला. एम.ए. कर म्हणून मीच तिच्या मागे लागलो, पीएच.डी. कर म्हणूनही मीच. तिच्या वडिलांना जाऊन भेटलो होतो. पुढे ती तासिका तत्त्वावर लागली. म्हणजे जूनमध्ये मुलाखत, मार्चमध्ये मोकळी, पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. अकरा वर्षं तिने हे केलं. विषय चालू होता तोवर निदान जून यायचा.

मग विद्यार्थी कमी असलेल्या विषयांचा आढावा घ्यायचं ठरलं. कंधारला जाऊन पाहणी करायला तिघांची समिती नेमली. कॉमर्सचे सर समितीचे अध्यक्ष, विषयतज्ज्ञ म्हणून मी, आणि तिसरे एक सदस्य, जे आलेच नाहीत. त्यांची सही नंतर घेतली गेली. असं चालतं.

आम्ही गेलो त्या दिवशी तिने चौदा मुली वर्गात बसवल्या होत्या. बाकीच्या एसटी चुकली म्हणून आल्या नव्हत्या, असं ती दोनदा म्हणाली. एका मुलीने मला विचारलं, "सर, वाईट माणसाला आपण वाईट हाव हे कळत असतंय का?" मी उत्तर द्यायला लागलो तर दुसरीने मला अडवलं. मला इतकं बरं वाटलं की मी घड्याळ बघायचं विसरलो. मग शाल झाली, नारळ झाले, प्राचार्यांच्या खोलीत जेवण झालं. निघताना कॉमर्सच्या सरांनी गाडीच्या बॉनेटवर अहवालाचा नमुना ठेवला. शिफारशीचा रकाना कोरा होता.

"शेवटच्या पानावर तेवढी सही मारा सर," ते म्हणाले. "बाकीचं मी भरतो. तुमचं अक्षर तसंही कुणाला लागत न्हाई."

मी सही केली. सगळेच करतात. अशा समित्यांवर गेलेला एकही मास्तर मला दाखवा ज्याने कोऱ्या रकान्याखाली सही केलेली नाही. फाटकाशी ती उभी होती. तिला मी म्हणालो, "काळजी करू नको, मी आहे ना."

पुढच्या बैठकीची विषयपत्रिका ईमेलने आली. जाडजूड असते, कोणी वाचत नाही, मीही नाही. नांदेडच्या सभागृहात बसल्यावर, तो विषय आला तेव्हा, मी पान उलटलं. कंधार, तत्त्वज्ञान, शिफारस: विषय पुढील वर्षापासून बंद करावा. खाली तीन सह्या, मधली माझी.

मी शेजारी पाहिलं. कॉमर्सचे सर कुजबुजले, "वरून आलंय सर. जाऊ द्या."

मला उभं राहायची सवय नाही. पण उभा राहिलो. म्हणालो, माझा याला विरोध आहे, मी सही केली तेव्हा हा रकाना कोरा होता. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे सर कोऱ्या कागदावर सह्या करून राहिलेत!" आणि सगळं सभागृह हसलं. मनापासून हसलं. मीच बोलत नसतो तर मीही हसलो असतो. हसू ओसरेपर्यंत थांबलो आणि पुन्हा म्हणालो की त्या वर्गात मी बसलो आहे, तो वर्ग चालतो, माझा विरोध लिहून घ्या. परिषदेचे अध्यक्ष सज्जन गृहस्थ होते. "सरांच्या भावना आपल्यापर्यंत पोचल्या," ते म्हणाले. "मंजूर?" बाकं वाजली.

जेवणाच्या सुट्टीत मी ताट घेऊन बसलो त्या टेबलावर कोणी आलं नाही. हात धुताना मात्र एकाने इकडेतिकडे बघून माझा खांदा दाबला, "आमच्या मनातलं बोललात." संध्याकाळी फोन सुरू झाले. एकेक जण सांगायचा की सर, तुम्ही म्हणालात तेच बरोबर होतं. एवढी माणसं माझ्या बाजूची होती हे मला सभागृहात समजलं नव्हतं. येताना गाडीत कॉमर्सचे सरही म्हणाले, "लई भारी बोललात." मी विचारलं, रकाना तुम्हीच भरलात ना? ते म्हणाले, "भरला. काय करू मग?" अहमदपूरला त्यांनी माझ्या चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

तिला मी फोन केला नाही. त्या रात्री केला नाही, दुसऱ्या दिवशी केला नाही. काय सांगायचं होतं? मी विरोध केला, आणि शिफारशीवर सहीही माझीच आहे? आधी इतिवृत्त येऊ दे, असं मी ठरवलं. त्यात माझा विरोध लिहिलेला असेल, त्याची प्रत घेऊन तिच्याकडे जाईन, तिच्या हातात देईन. हा विचार मला तेव्हा फार पटला होता. आता वाटतं, नुसती भीती होती ती.

चार महिन्यांनी पुढची बैठक लागली. पहिला विषय नेहमीचाच: मागील बैठकीचे इतिवृत्त कायम करणे. मी यावेळी वाचून गेलो होतो. कंधारचा ठराव होता आणि शेवटी दोन शब्द होते, एकमताने मंजूर. लिहिणाऱ्याचा मी दोष मानत नाही. वर्षानुवर्षं प्रत्येक ठराव त्याच दोन शब्दांनी संपलेला, त्याच्या कॉम्प्युटरात ते तयारच असणार.

मी उभा राहिलो. म्हणालो, दुरुस्ती हवी. हे एकमताने नव्हतं, मी विरोध केला होता.

"बरोबर," अध्यक्ष म्हणाले, "दुरुस्ती करता येईल. कोणी अनुमोदन देतंय का सरांना?"

एवढंच हवं होतं. कुणी माझ्यासारखं मत द्यायचं नव्हतं, भांडायचं नव्हतं. मी बोललो होतो, एवढं फक्त कुणीतरी म्हणायचं होतं. मी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. खांदा दाबणारे समोर होते. त्यांना पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. फोन करणारे होते. कॉमर्सचे सर शेजारीच बसलेले, पेनाची रिफिल काढून उजेडात धरून पाहत होते. मी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिलो असेन, कारण अध्यक्षच अवघडले आणि म्हणाले, "ठीक आहे. इतिवृत्त कायम."

मी बसलो. लहानपणी खेळात राज्य घेऊन शंभर आकडे मोजावेत, डोळे उघडावेत आणि सगळे घरी जेवायला निघून गेलेले असावेत, तसं मला झालं.

परतताना बराच वेळ गाडीत गाणी वाजत होती. नांदेड मागे पडल्यावर सरांनी आवाज कमी केला. "माझी प्रोफेसरपदाची मुलाखत हाय पुढच्या महिन्यात," ते म्हणाले. "तुम्हाला ठाऊकच हाय." ते वाईट माणूस नाहीत. माझी बायको आजारी होती तेव्हा रात्रभर दवाखान्यात बसले होते. त्यांच्यावर धड रागही धरता येईना, आणि राग धरल्याशिवाय शेजारी बसवेना. लोहा आलं तसं मी म्हणालो, "इथं उतरतो. कंधारला जाऊन येतो."

"आजच जायला पाहिजे का?" त्यांनी विचारलं.

"आजच."

त्यांनी गाडी बाजूला घेतली.

कंधारला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. ती घरीच होती. सासूबाईंनी पाणी आणलं, तिने चहा टाकला. कॉलेजला आलेलं पत्र तिने मला न मागता दाखवलं. सोबत समितीचा अहवाल जोडलेला होता.

"एकमतानं लिवलंय सर," ती म्हणाली.

"माझा विरोध होता. मी उभं राहून बोललो. त्यांनी लिहून घेतला नाही."

"हाव सर," ती इतक्या चटकन म्हणाली की मला आत कुठेतरी लागलं. मग तिने कप खाली ठेवला. "मला सगळ्यांचेच फोन आले, सर. परिषदेवरच्या सहा जणांचे. सगळे म्हणले आम्ही विरोध केला. तुम्ही सातवे. मग बंद कुणी केला?"

मी तिला समजावून सांगायला लागलो. बाकं कशी वाजतात, अनुमोदन काय असतं. माझंच बोलणं मला वकिली वाटायला लागलं.

"एक विचारू का?" ती मधेच म्हणाली. "तुमच्याबरोबर आले होते ते कॉमर्सचे सर. त्यांनी सांगितलं, अहवाल वरच्या दबावानं भरावा लागला, पण बैठकीत ते एकटेच उभे राहिले. लोक हसले म्हणे त्यांना. तरी बोलले. हे तरी खरं हाय का?"

लोक हसले हेसुद्धा त्यांनी नेलं होतं.

"उभा राहिला होता तो मी," मी म्हणालो. "हसले ते मला."

वर्गात तिला एखादी गोष्ट पटायची नाही तेव्हा ती मोठ्याने वाद घालायची. आत्ता वाद घालावा असं मला फार वाटलं. पण तिचा आवाज अगदी मऊ होता.

"त्यांचा फोन त्याच संध्याकाळी आला होता, सर. मी रडत होते, अर्धा तास बोलले माझ्याशी. तुमची वाट बघितली मी. रोज बघितली. तुम्ही आज आलात."

पत्राची घडी घालून तिने ते पुन्हा पाकिटात ठेवलं. सासूबाई आत भाकरी थापत होत्या, त्याचा आवाज येत होता.

"लोह्याची शेवटची बस सातला हाय," ती उठत म्हणाली. "आत्ता निघालात तर मिळंल."

जेवून जा, असं ती म्हणाली नाही.