शेळीची शेपटी
आज शाल उन्हात टाकताना डांबरगोळ्यांचा वास आला आणि सावेडीतला तो हॉल आठवला. माझ्या शेळीच्या चित्रपुस्तकाचं कौतुक करायला जिल्ह्यातले लिहिणारे आणि चित्रं काढणारे जमले होते. खांद्यावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात गुच्छ, अशी मी खुर्चीत अवघडून बसले होते. भाषणं नकोत, असं त्यांनी ठरवलं होतं. भिंतीवरच्या मोठ्या कागदावर प्रत्येकाने कोळशाने माझ्या शेळीचा एकेक भाग काढायचा. कुणी शिंगं काढली, कुणी कान, आणि एका नावाजलेल्या चित्रकाराने खाली लोंबणारी शेपटी काढली. टाळ्या पडल्या. मला मात्र बसवेना. लोंबती शेपटी मेंढीची. शेळीची वर उभी असते, आणि माझ्या शेळीचा तर सगळा ताठा त्या शेपटीतच होता. हात शिवशिवायला लागले. शेजारी बसलेल्या शेवगावच्या म्हाताऱ्या लेखिकेने दटावलं, "अवो बाई, गप बसा की. सत्कार हाय तुमचा." मी नारळ आणि गुच्छ त्यांच्याच मांडीवर ठेवले, उठले, शालीच्या टोकाने ती शेपटी पुसली आणि नवी काढली, वर उभी. मग त्या चित्रकारानेच हात जोडले आणि हसून म्हणाला, "आता झाला सत्कार." शालीवरचा काळा डाग अजून तसाच आहे. आणि खरं सांगायचं तर त्या शेळीचा डावा कानही चुकलाच होता. तो आजही डोळ्यांत खुपतो.